बोनकोड्यापुढचं शून्य

सकाळी खारघरला उतरलो आणि मान वर करून इमारतींवरची सौरपॅनेलं शोधू लागलो. छतावरची सौरवीज कुठल्या भागात किती वेगानं पसरेल, याचं गणिती मॉडेल आम्ही कोल्हापुरात बसून बनवलं होतं. खारघर अगदी मॉडेल म्हणेल तसं, शेजाऱ्याचं बघून शेजारी, असं वागत होतं. एका सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "बाजूवाल्यांनी लावले ना, मग आमची मीटिंग पाच मिनटांत आटपली." मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

अडचण त्याच शहराच्या पोटात अडकलेल्या बोनकोडे गावाची होती. मोकळ्या गच्च्या, भरपूर ऊन, आणि पॅनेल एकही नाही. आमच्या तक्त्यात गावापुढे शून्य होतं, शेरा 'इच्छा नाही'. अहवाल तसाच गेला तर अनुदानाच्या यादीतून गाव वगळलं जाणार होतं. एकदा बघून यावं, एवढाच माझा हेतू.

तुर्भ्याला ट्रकांच्या रांगेत बस तासभर रखडली. घामाघूम होऊन गावात पोचलो, तर हिराबाई नावाच्या आगरी मावशींनी आधी पंख्याखाली बसवलं आणि तांदळाची भाकरी, सुकट (वाळवलेली बारीक कोळंबी) पुढे ठेवली. आतल्या खोलीत त्यांचे यजमान ऑक्सिजनच्या मशीनवर होते. जेवताना मी शहाण्यासारखं विचारलं, "मावशी, गावाला सोलर नको वाटतं?"

"नको कोन म्हनतं?" त्या म्हणाल्या. "लाइट गेली का मशीन बंद. सिलिंडर किती पुरनार? बॅटरीवाला सोलर मागितला, तीनदा अर्ज केला. घराचा कागद आना म्हनतात. जमीन सरकारनं शहर बांधायला घेतली, पोरं वाढली तसं घर बिनपरवानगीचं वाढवलं. कागद कुठून आनू?"

मग त्यांनीच विचारलं, "तुज्या कागदावर आमचं काय लिवलंय?"

मला खोटं बोलवेना. सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. आत गेल्या, यजमानांच्या नाकातली नळी सरळ केली आणि बाहेर येऊन हळूच म्हणाल्या, "यांना नको सांगू."

मी वही काढून त्यांच्या तीन अर्जांची नोंद केली.

कोल्हापूरला परतल्यावर अहवाल थांबवला. तक्त्यात नवा रकाना घातला : 'मागितलं, मिळालं नाही'. त्यानं मावशींना घराचा कागद मिळणार नाही, हे मला कळतं. आमचं मॉडेल फक्त बसवलेली पॅनेलं मोजायचं. परत आलेले अर्ज त्याला दिसतच नव्हते. मग बाकीचा तक्ता उघडला. तोच 'इच्छा नाही' शेरा आणखी कितीतरी गावांपुढे होता, आणि त्यांच्या वतीनं तो 'नाही' मीच खुर्चीत बसून भरला होता.