आप्पांचा वर गेलेला हात

मी ग्रामसेवक असताना आमचे सरपंच आप्पा स्वभावाने फार मऊ होते. वाळूवाल्यांनी नदी उपसायला ना-हरकत मागितली, तेव्हा मी म्हणालो, "आप्पा, विहिरी आटतील."

"कळतंय हो. पण नाही म्हटलं तर खुर्ची जाईल."

त्यांनी सही केली. पुढे गायरानावर केली, मग शाळेच्या मैदानावरही. देण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा त्याच माणसांनी पंचायतीच्या सदस्यांना हाताशी धरून अविश्वासाचा ठराव आणला.

"ठरावाच्या बाजूने कोण?" तहसीलदारांनी विचारलं. सगळे हात वर गेले. आप्पांनी आजूबाजूला पाहिलं आणि सवयीने आपलाही हात वर केला. कुणी हसलंसुद्धा नाही.

तो हात अजून डोळ्यांपुढून हलत नाही. दुबळा राज्यकर्ता गाव देऊन आपले चार दिवस मागून घेतो. दिवस संपतात तेव्हा गावही संपलेलं असतं. मोठ्या राज्यांचं तरी याहून वेगळं काय होत असेल?

पुढच्या उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत एका म्हातारीने मला थांबवलं. "भाऊसाहेब, नवे सरपंच कसे आहेत?"

"चांगले आहेत. कुणाला दुखवत नाहीत."

तिने रिकामा हंडा खाली ठेवला आणि रस्त्यातच बसली.