मिठाचा ट्रक आणि दिनूची आतली वाट

मंडळी, मी बोलतेय, नात टाइप करतेय. आत्ताच घरात माझं नि लेकाचं वाजलंय आणि माझा जीव अजून खालीवर होतोय.

आमच्या दिनूचा मोठा ट्रक आहे. चहा पिता पिता म्हणाला, "आई, अवजड गाड्यांना आता किलोमीटरवर टोल लागणार म्हणे. हायवेवर चाक जेवढं फिरेल तेवढे पैसे. मी आपला नवघरच्या आतल्या रस्त्याने जातो."

"त्या गल्लीत रिक्षा अडकते, राजा. अगदी बापावर गेलायस!"

त्याचे वडील सत्तर सालाच्या सुमारास भाईंदरचं मीठ ट्रकने मुंबईला न्यायचे. एकदा जकात नाका चुकवायला मिठागराच्या बांधावरून ट्रक घातला. बांध खचला, ट्रक खाडीत कलंडला. माणसं जमेपर्यंत भरती आली. जकात वाचली, पण मीठ सगळं विरघळलं. रिकामी गोणपाटं खांद्यावर टाकून हे घरी आले आणि जेवताना मलाच म्हणतात, "भाजी अळणी झालीय."

दिनू हसला. "माझ्या गाडीत सळ्या आहेत, आई. त्या नाही विरघळत."

"नाही विरघळत. पण आता शाळा सुटेल, गल्लीभर पोरं असतील."

तो चावी उचलून गेला. फोनही उचलत नाहीये.

निळा ट्रक आहे, मागे मोर काढलाय. नवघरच्या वळणावर कुणाला दिसला तर हायवेकडे वळवाल का? आणि सांगा त्याला, तू येईपर्यंत आई भाजीत मीठ घालणार नाही.