माझा परिच्छेद

"अगं, तिला जड जातं मराठी. बिचारी नुसती बसून असते. पुढच्या महिन्यात तिच्यासाठी एखादं इंग्लिश पुस्तक घेऊ या का?"

काकू हळूच बोलल्या होत्या, पण डोंबिवलीतल्या वन बीएचकेत हळू बोललेलंही सगळीकडे पोचतं. मी रिकामे ग्लास घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी पोचले होते. आत काकू चहा गाळत होत्या आणि माजिवड्याहून येणाऱ्या ताई चिवड्यातले काजू वेचून खात होत्या.

"घेऊ की," ताई म्हणाल्या. "माझंही इंग्लिश सुधारेल. सुनेला जरा धाक बसेल."

दोघी हसल्या. मी ग्लास तसेच परत आणून टीपॉयवर ठेवले.

आमचा वाचनकट्टा महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी काकूंकडे भरतो. महिनाभर सगळ्यांनी एकच पुस्तक वाचायचं आणि त्यावर बोलायचं. मग चहा येतो, आणि चहासोबत प्रत्येकाने आपल्याला आवडलेला एक परिच्छेद मोठ्याने वाचायचा. त्यानंतर पुढच्या महिन्याचं पुस्तक ठरतं. माझी पाळी आली की मी म्हणते, "पुढच्या वेळी." कॉलेजातून निवृत्त झालेले सर आमच्यात वडीलधारे. ते दर वेळी हसून म्हणतात, "तुमची पुढची वेळ आली की आम्ही पेढे वाटू."

माझी शाळा इंग्लिश मीडियमची. घरात आम्ही बोलतो, भांडतो मराठीतच, पण हातात पुस्तक आलं की ते इंग्रजी. त्यामुळे मला लहानपणापासून वाटायचं, की पुस्तकातली माणसं आपल्यासारखं बोलतच नाहीत. शाळेत मराठी विषय होता, पण तो गाइडमधून पाठ करायचा. आजही मी ओळीखाली बोट धरून वाचते. लांब जोडाक्षर आलं की थांबते, मनात फोडते, मग पुढे जाते. ठाण्याच्या ऑफिसात एकदा मराठी दिनाला माझ्या हातात चार ओळींचं निवेदन दिलं होतं. ते वाचून झाल्यावर एकजण म्हणाली, "सो क्यूट! तुझं मराठी किती क्यूट आहे." तेव्हापासून मी चारचौघांत मराठी वाचलं नव्हतं. कट्ट्यावर यायला मात्र लागले. इतरांचं वाचणं ऐकायला मिळतं म्हणून.

या महिन्याची कादंबरी होती कोकणातल्या एका बाईची. नवरा गेल्यावर ती भाताची गिरणी चालवते आणि दिराच्या एकाही बोलण्याला उत्तर देत नाही.

मघाशी चर्चेत ताई तिच्यावर चिडल्या होत्या. "मला सारखं वाटत होतं, तोंड उघड ना बाई एकदा! दीर एवढं बोलतोय, आणि ही आपली गिरणी पुसतेय."

"बोलून काय होणार होतं?" सर म्हणाले.

"सर, तुम्हाला माझ्या घरी एक दिवस ठेवते. मग कळेल बोलून काय होतं ते."

सगळे हसले. मीही हसले. मला ती बाई बिचारी वाटली नव्हती. ती गप्प राहून सगळं बघत होती. कोण धान्य मोजताना नजर चुकवतं, कोण उगाच जास्त गोड बोलतं, हे फक्त तिला माहीत होतं. आणि एका पानावर तिची जाऊ तिला 'घुमी' म्हणते.

त्या पानावर मी बराच वेळ अडले होते. जोडाक्षरामुळे नव्हे. आई मला लहानपणापासून घुमी म्हणते. "बोल की घुमे, तोंडात काय मूग भरलेत?" मला वाटायचं, हा आईने माझ्यासाठी बनवलेला शब्द आहे. तो छापलेला पाहून मी पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं. शब्द तिथेच होता. इतकी वर्षं पुस्तकं वाचली, पण आमच्या घरातला आवाज पुस्तकातून पहिल्यांदाच ऐकू आला.

चहा आला. सरांनी वाचलं, ताईंनी वाचलं. माझ्याजवळ येऊन पाळी थांबली. सरांनी नेहमीसारखं हसून माझ्याकडे बघितलं आणि मी काही म्हणायच्या आत काकू म्हणाल्या, "तिला राहू दे. आम्ही एक ठरवलंय. पुढच्या महिन्यात इंग्लिश घ्यायचं. तरुण मंडळींनाही बोलता आलं पाहिजे ना!"

"उत्तम," सर म्हणाले. "सगळ्यांना मान्य?"

माना हलल्या. सगळे माझ्याकडे इतक्या मायेने बघत होते, की क्षणभर मलाही सुटल्यासारखं वाटलं. इंग्रजी पुस्तकावर मी अर्धा तास बोलले असते, न अडखळता. सगळ्यांनी कौतुकही केलं असतं. त्यानंतर मला कोणीही मराठी वाचायला सांगितलं नसतं, कधीच. मग इथे यायचं तरी कशाला?

काकू माझ्यापुढे कप धरून उभ्या होत्या. मी तो घेऊन खाली ठेवला, पुस्तक उघडलं, 'घुमी'च्या त्या ओळीखाली बोट ठेवलं.

"इंग्लिश नको, काकू. मराठीच ठेवा. आणि आज मी वाचणार आहे. मला वेळ लागेल, तोवर चहा घ्या सगळ्यांनी."