भिंतीपासून भिंतीपर्यंत

घरातलं शेवटचं माणूस जेवायला बसेपर्यंत तात्याकाका पहिला घास हातात धरून ठेवत. तोंडात घालत नसत, ताटात परतही ठेवत नसत. वरणाचा ओघळ मनगटावरून कोपरापर्यंत यायचा, पण त्यांची नजर दारावर. आल्यागेलेल्याला याचं फार कौतुक वाटे. मला मात्र त्या थांबलेल्या हाताची भीतीच वाटायची. एवढी माया बरी नव्हे, असं आता वाटतं.

तात्याकाका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. दोघे भाऊ अमळनेरकडचं गाव सोडून सुरतेला आले आणि नानपुऱ्यात तापीपासून हाकेच्या अंतरावर एक अरुंद, उंच घर भाड्याने घेऊन राहिले. खाली स्वयंपाकघर आणि लांबोडकं जेवणघर. वर एक खोली काका-काकू आणि त्यांच्या मुलांची, एक आमची. काका रेशमाच्या मागांच्या कारखान्यात सुपरवायझर होते. बाबा कापड रंगवण्याच्या कारखान्यात होते.

एकदा बाबांनी वरच्या खोलीसाठी दोन घडीच्या खुर्च्या आणल्या. बस, एवढंच निमित्त झालं. काकांना त्या खुर्च्यांत वाटणी दिसली. बाबा शहराबाहेर पांडेसऱ्याकडे वेगळी खोली बघताहेत, हे त्यांच्या कानावर आलेलं होतंच. भावाशी ते बरेचदा अहिराणीत बोलत. म्हणाले, "तुले जावानं शे का?"

बाबांनी एक खुर्ची मिटून भिंतीला लावली.

"खुर्च्या वाटता येतस. मी अशी वस्तू करसू, ती वाटी दखाड."

वाटून दाखवता येणार नाही अशी ती वस्तू म्हणजे जेवणघरातला बाक. तोवर आम्ही पाटावर बसून जेवत असू. काकांच्या कारखान्यात मागांची यंत्रं देवदारी खोक्यांतून येत, त्या खोक्यांच्या फळ्या ते सुटीच्या दिवशी सायकलवर बांधून आणू लागले. फळ्या आखूड, म्हणून त्या आडव्या, एकीला एक लावून बसवायच्या आणि बाक या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत न्यायचा, असा बेत. सुतारकामाचा त्यांना नाद होता. रंधा मारताना जीभ दातात धरत आणि मधूनच फळीवरून हात फिरवत म्हणत, "फट ठेवायची नाही. फट दिसली की माणूस बोट घालतो." गणितात हातचा विसरला तरी हेच, नवरा-बायकोत धुसफुस झाली तरी हेच.

शेवटची फळी जागेत जाईना. काकांनी ती मोगरीने ठोकून ठोकून बसवली. त्या ठोक्यांनी पलीकडच्या भिंतीचा पोपडा पडला. ती भिंत अर्ध्या विटेची, मातीत बांधलेली. काकू म्हणाली, "अहो, पावसाळ्यात डाळीच्या खोक्याचं झाकण फुगून निघत नाही आपलं. हा तर केवढा. जरा जागा सोडा."

"जागा कुणाला हवी आहे या घरात?" काका म्हणाले. आम्ही हसलो. बाबा हसले नाहीत.

समोर टेबल मांडून बाकावर सगळ्यांनी एका वेळी बसायचं, बायकांनीसुद्धा, हा काकांचा हुकूम. थोरल्या दिरांच्या रांगेत बसून जेवायचं म्हणून आई पदर कपाळावर ओढून अगदी टोकाला, भिंतीला लागून बसे. अर्धा घास पदरातच जायचा. पण महिन्याभरात तिलाही ते आवडू लागलं होतं, हे मी पाहिलंय. गरम पोळी तिने त्याआधी सासरी खाल्लीच नव्हती.

पहिल्याच पावसाळ्यात बाक बोलायला लागला. जेवता जेवता खालून कट्कन आवाज यायचा आणि सगळ्यांचे हात थांबायचे. काका म्हणत, "काही नाही, बसतोय तो." आईच्या पाठीमागे भिंतीला केसाएवढी चीर दिसली, तर त्यांनी ती सिमेंटने बुजवली आणि वरून चुना फासला. त्या टोकाला आता आई पाठ टेकत नसे.

मग अडुसष्टची रेल आली. सुरतेत पुराला रेल म्हणतात. तापी जिन्याच्या पायऱ्या चढत होती आणि आम्ही वरच्या खोलीत एकमेकांना धरून बसलो होतो. खाली पाण्यात टेबल भिंतींवर आपटत फिरत होतं. बाक मात्र जागचा हलला नाही. काका अंधारात त्याचाच आवाज ऐकत असावेत. म्हणाले, "बघा, धरून आहे."

पाणी ओसरलं, गाळ उपसला, आणि मग आम्ही भिंत पाहिली. बाकाच्या उंचीवर तिला पोट आलं होतं. पाणी पिऊन फुगलेल्या फळ्या तिला रेटत होत्या. खाली तिची माती भिजून लोणी झाली होती. बाबा म्हणाले, "तात्या, मधली एक फळी कापून काढू. रेटा कमी होईल."

"कापायचा? म्हणजे वाटणीच की."

"भिंत पडेल."

"वाळला की येईल जागेवर."

पण पाऊस थांबत नव्हता, वाळणार कसा? आईने मुलांना तिथे बसवायचं नाकारलं. आयुष्यात पहिल्यांदा ती दिरांसमोर उभी राहून बोलली, "भाऊजी, लेकरं आहेत माझी." आणि आमची ताटं घेऊन वर गेली. मीही गेले. जिन्यातून वळून पाहिलं तर काका हात थांबवून बसले होते. काकू म्हणाली, "जेवा आता." त्यांनी घास ताटात ठेवला आणि हात धुतला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळीच काकांनी करवत काढली. बाबा मदतीला पुढे झाले, तर त्यांना हाताने मागे सारलं. "सगळ्यांसले बाहेर काढ. मांजरसुद्धा मधमा नको." आम्हाला समोरच्या मंजुबेनच्या ओट्यावर उभं केलं. करवतीचा आवाज बराच वेळ येत होता. मग फळी सुटल्याचा मोठा आवाज झाला. इतके दिवस त्या भिंतीला रेटणारा बाकच तिला धरूनही होता, हे आमच्यापैकी कुणालाच कळलं नव्हतं. भिंत आत आली, ती काकांवरच.

बाबा विटा उपसत असताना ते जिवंत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "सगळे बाहेर शेतस ना?" बाबा म्हणाले, "हा तात्या, सगळे."

पुरुषमंडळी स्मशानातून परतली तेव्हा दिवस कलला होता. आमच्या चुलीला त्या दिवशी विस्तव नव्हता. मंजुबेननी खिचडी-कढी करून ओट्यावर आणली आणि आईला म्हणाल्या, "बेन, छोकरांने तो जमाडो." पोरांना तरी जेवू घाला म्हणता म्हणता त्यांनी मोठ्यांपुढेही पत्रावळी मांडल्या. बाबांनी काकूला हात धरून आणलं, आईने तिला आपल्याजवळ बसवलं आणि भरवलं. दिवाळीच्या आत आम्ही पांडेसऱ्याच्या खोलीत गेलो, आणि काकू मुलांना घेऊन माहेरी. मंजुबेनच्या ओट्यावर मात्र त्या संध्याकाळी आम्ही सगळे एका ओळीत जेवलो. तसे पुन्हा कधी जेवलो नाही.