आईच्या तिखटावरचा आळ

बाबा स्वादुपिंडाच्या कॅन्सरनं गेले. तेराव्याला आमच्या सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, "हिच्या तिखटानं माह्या भावाले खाल्लं." त्यानंतर आईनं भाजीत कधी मिरची घातली नाही.

मी डूख धरला. हा रोग काही घराण्यांत रक्तातून उतरतो, असं बाबांच्या डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. ते मी पितृपक्षापर्यंत जपून ठेवलं. आजोबा, काका आणि बाबांची पानं वाढून झाल्यावर सगळ्यांदेखतच विचारलं, "आत्या, आजोबा न् काका पण असेच पिवळे पडून गेले, तूच सांगत होती ना? तेव्हा तर आई या घरात आलीही नव्हती. हे तुमच्या रक्तातलं आहे."

आत्याचा हात स्वतःच्या पोटावर गेला. माझ्याही अंगात तेच रक्त आहे, तरी मला बरं वाटलं. अजून वाटतं.