दुपारची लय

शांतवनमास्तर भेटले की आधी समोरचा दात अंगठ्यानं हलवून बघत. "हाय अजून," म्हणत आणि मग बोलायला लागत. नगरच्या लग्नांत त्यांची क्लॅरिनेट वर्षानुवर्षं वाजली होती, आणि क्लॅरिनेटवाल्याचा सगळा कारभार वरच्या दातांवर चालतो. डॉक्टरांनी पुढचे दोन दात काढायला सांगितलं होतं. मास्तर टाळाटाळ करत होते.

तरुणपणी ते मुंबईच्या एका हॉटेलात जाझ वाजवायचे. ती ऐट अजून अंगात होती. वरातीत सिनेमाची गाणी वाजवताना तोंड कडू करत. "हे पोटासाठी. माझं वाजवनं या गावानं ऐकलंच न्हाई," असं नवरदेवाच्या बापालाही सुनावायचे.

मग दुष्काळ पडला, लग्नं थांबली आणि बँडचे ढोल खुंटीला लागले. मी शाळेत मराठी शिकवत होतो, कविताही लिहीत होतो. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायांवरची माझी कविता त्यांनी ऐकली आणि पिच्छाच पुरवला. "सर, तुमी म्हना, मी वाजवतो. दात हायेत तवर एकदा टेप करून ठिवू."

कवितेची लय ठरवायला ते मला मिरजगावच्या रस्त्यावरच्या कामावर घेऊन गेले. सकाळी हातोड्या झपाझप पडत होत्या. मी मांडीवर ठेका धरला तर हात धरून म्हणाले, "ही नको. ही मुकादमाला दाखवायची लय हाय. दुपारची घ्या." दुपारी हातोडी वर जाई आणि खाली यायला जणू विसरे. मास्तर डोळे मिटून तेवढंच ऐकत बसले.

पट्टी त्यांनी काळी एक ठरवली. "तुमचा आवाज हितं रडत न्हाई, नुसता थकतो. तेच पायजे." गंधार मात्र ते कोमल आणि शुद्ध यांच्या मधोमध लावत. तो पेटीवर सापडायचा नाही. "त्याला पट्टीच न्हाई. फुंकूनच काढावा लागतो," हे सांगताना म्हातारा खुलायचा.

चर्चच्या पाळकांकडे परदेशी पाहुण्यानं दिलेला टेपरेकॉर्डर होता. ठरलेल्या दुपारी वीज गेली, म्हणून आम्ही टॉर्चमधले जुने सेल त्यात घातले. "फिरतंय ना? मग झालं," मास्तर म्हणाले. मी कविता म्हटली, ते वाजवत राहिले. त्याच सेलांवर लगेच लावून ऐकलं, तर जसंच्या तसं उतरलं होतं. मास्तरांनी क्लॅरिनेट पुसून ठेवली. मग म्हणाले, "आता दात गेले तरी चालंल." आणि त्याच आठवड्यात काढून आले.

नाताळात बँडची पोरं जमली, तेव्हा मास्तरांनी मोठ्या कौतुकानं ती कॅसेट विजेवर लावली. माझा आवाज लहान पोरासारखा झाला होता. क्लॅरिनेट नाचत होती. टेप करताना मेलेल्या सेलांवर फीत हळू फिरली होती, आता ती पूर्ण वेगानं पळत होती. पोरांनी ठेका धरला. एक जण म्हणाला, "मास्तर, वरात निघाली की." मास्तरांनी पेटीवर स्वर शोधला; तो काळी एकच्या चार पट्ट्या वर निघाला. "पांढरी चार," एवढंच म्हणाले. पुढचे दात गेलेल्या तोंडातून तेही नीट उमटलं नाही.

पाळकांनी टेपरेकॉर्डर त्यांच्याकडेच राहू दिला होता. पुढं ते शेजाऱ्यांकडून टॉर्चचे संपत आलेले सेल मागून आणत. ते घालून कॅसेट लावायची, काळी एकवर बोट ठेवून बसायचं. सेल उतरत जात तसा सूर खाली येई, दोन ओळींपुरता पेटीशी जुळे आणि आणखी खाली घसरे. "गेलं," म्हणत ते बोट काढून घेत. ते दोन ओळींचं जुळणं मला बघवत नसे. मी जाणं कमी केलं.

पुढच्या उन्हाळ्यात मास्तर गेले. अंत्ययात्रेत त्यांचंच वाजवणं असावं, असं पोरांनी प्रेमानं ठरवलं आणि टेपरेकॉर्डरमध्ये नवेकोरे सेल घातले. कॅसेट सुरू होताच मी तो बंद करायला पुढं झालो, तर त्यांची मुलगी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या सर. आण्णांचं हाय ते."

क्लॅरिनेट वरातीसारखी पुढं पळत राहिली. खांदेकऱ्यांची पावलं नकळत तिच्या ठेक्यात पडू लागली, आणि भर दुपारी शांतवनमास्तरांना आम्ही सकाळच्या लयीत कबरस्तानात नेलं.