फोन ब्रॅकनेलला, मी रीडिंगला

ईस्टरच्या सुट्टीआधीच्या गुरुवारी आमच्या ब्रॅकनेलच्या ऑफिसातली माणसं दुपारी तीनपासूनच विरळ व्हायला लागतात. चार वाजता मान वर केली तर मजल्यावर मी आणि कुंड्यांना पाणी घालणारी बाई, एवढेच उरलो होतो. ती झाडं प्लॅस्टिकची आहेत असा माझा कित्येक वर्षं समज होता. तो खोटा निघाल्याच्या धक्क्यात मी कोट चढवला, बॅग उचलली आणि मॉनिटरच्या मागे चार्जिंगला लावलेला फोन तिथेच सोडून स्टेशन गाठलं.

लक्षात आलं ते रीडिंगला घरी पोचून चहा गाळताना. हात सवयीने खिशाकडे गेला आणि रिकामा परत आला. ऑफिस आता थेट मंगळवारी उघडणार होतं.

मग आठवलं की मी अगदीच उघडा पडलेलो नाही. काही महिन्यांपूर्वी, बारीक अक्षरं वाचण्याचा कंटाळा येऊन, फोनवरचे मेसेज घरच्या लॅपटॉपवर दिसतील अशी सोय मी करून ठेवली होती. लॅपटॉपच्या पडद्यावर एक चौकोनी ठिपक्यांची रांगोळी उमटते, फोनचा कॅमेरा तिच्यासमोर धरायचा, की झालं. पुढे फोन चालू असला आणि इंटरनेटवर असला, की तो कुठे का असेना, त्याचे मेसेज लॅपटॉपवर वाचता येतात, उत्तरंही देता येतात. माझा फोन चालू होता, चार्जरला होता, ऑफिसच्या वायफायवर होता. लॅपटॉप उघडला तर दंतवैद्याचा निरोप हजर: मंगळवारी दात साफ करायला यायचं विसरू नका.

मला फार बरं वाटलं. माझं पोट असल्याच गोष्टींवर चालतं. कंपनीच्या सॉफ्टवेअरची मदतीची पानं मी लिहितो. पायरी एक, पायरी दोन. अशा पानांवर विश्वास ठेवणारा माणूस मला कधी भेटला नव्हता. त्या संध्याकाळी मीच तो झालो.

आता वडिलांबद्दल सांगायला हवं. ते पुण्यात एकटे राहतात. वय शहाऐंशी. नोकरी टेलिफोन खात्यात, तीही एक्स्चेंजमध्ये. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचे ट्रंक कॉल जोडले आणि माणसांच्या बोलण्याची कायमची शिसारी घेऊन ते निवृत्त झाले. त्यांच्याकडे बटणांचा साधा फोन आहे. आई गेल्यावर आमच्यात एक करार झाला. सकाळी अकराला, अंघोळ-चहा उरकला, की ते मला मिस्ड कॉल देतात. दोन रिंगा आणि कट. मी उलट दोन रिंगा देतो आणि कट. त्यांच्या रिंगांचा अर्थ 'ठीक आहे', माझ्या रिंगांचा 'कळलं'. अर्ध्या तासात त्यांच्या रिंगा आल्या नाहीत, तर मी त्यांच्या खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना फोन करायचा. रविवारी तेवढं दहा मिनिटं बोलायचं: नळाचं पाणी, गुडघा, इथलं हवामान.

त्यांचे अकरा म्हणजे माझे उन्हाळ्यात साडेसहा, हिवाळ्यात साडेपाच. घड्याळं मागेपुढे करण्याचा इथला प्रकार त्यांना मंजूर नाही. "स्वतःची वेळ धड पाळता येत नाही, आणि म्हणे राज्य केलं," असं ते दर ऑक्टोबरात एकदा म्हणतात.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला मी जागा झालो आणि घर गप्प होतं. लॅपटॉप उघडला. कचऱ्याच्या गाडीचा दिवस बदलल्याचा कौन्सिलचा मेसेज होता. वडिलांचं काही नव्हतं. असणार कसं? लॅपटॉपवर मेसेज दिसतात, रिंगा दिसत नाहीत. ब्रॅकनेलच्या दुसऱ्या मजल्यावर माझा फोन वाजला असेल किंवा नसेल. मला ते कळायला मार्ग नव्हता. मदतीच्या पानावर ही ओळ नव्हती. मी लिहिलं असतं तरी नसती. दोन रिंगा हा पुरा निरोप असतो, हे सॉफ्टवेअरवाल्यांना कोण समजावणार!

मग मी शहाण्यासारखा वडिलांना मेसेज टाइप केला: 'बाबा, फोन ऑफिसात राहिला. मंगळवारी मिळेल. काळजी नको.' डॉक्टरांनाही एक पाठवला: 'बाबांकडे डोकावून कृपया कळवा.' ज्या हिरव्या ॲपवर आमचं सगळं खानदान एकमेकांना सूर्योदय आणि सुविचार पाठवतं, ते लॅपटॉपवर घ्यायला पुन्हा फोनचाच कॅमेरा लागत होता. किल्ली आत ठेवून कुलूप लावावं, तसलं काम.

दोघांचीही उत्तरं आली नाहीत. शनिवारी सकाळी पुन्हा तीच शांतता. रुळांचं काम चालू असल्यामुळे अर्धी वाट बसने, अर्धी ट्रेनने, असा ब्रॅकनेलला गेलो. ऑफिसच्या दाराशी कार्ड धरलं, तांबडा दिवा लागला. बझर दाबला, तर आमच्या कंपनीला माणसं किती मोलाची वाटतात ते एका ध्वनिमुद्रित बाईने सांगितलं. काचेच्या इमारतीखाली मी मान वर करून उभा राहिलो. माझी खिडकी ओळखू येत होती. आत माझा फोन, पोटभर चार्ज होऊन, माझ्याऐवजी माझ्या घरचे फोन घेत बसला होता.

परतताना एखादा स्वस्तातला फोन विकत घ्यावा असं मनात आलं. पण म्हटलं, लॅपटॉप आहे की. काही वाईट असतं तर कुणीतरी मेसेज केला असता. तीस वर्षं पुण्यात काढलेल्या माणसाने हा विचार करावा, याची मला आजही लाज वाटते. तिकडे मेसेज माणसं पाठवत नाहीत. मेसेज बँक पाठवते, गॅसवाला पाठवतो, आणि प्लॉट विकणारे पाठवतात. ते वाचायचे नसतात, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. इथे राहून माझी तेवढी अक्कल गळून पडली होती.

शनिवारची संध्याकाळ मी लॅपटॉपवरच्या मेसेजच्या पानासमोर काढली. न्हाव्याने ईस्टरच्या शुभेच्छा आणि सवलत दिली. कुरियरवाल्याने शेजारच्यांचं पार्सल उद्या नाही, बुधवारी येईल असं मला कळवलं. मी खूप मागे मागे जात मेसेज चाळले. लॅपटॉपवर ते मोठे आणि स्वच्छ दिसतात, हाच घोटाळा. फोनवर माणूस एकेक वाचतो आणि विसरतो. इथे वर्षभराचं एकदम समोर आलं. कोणी माझ्याशी बोलत होतं म्हणावं, तर दंतवैद्य सातत्याने बोलत होता. बायको आणि मी सहा वर्षांपूर्वी सभ्यपणे वेगळे झालो. तिचा शेवटचा मेसेज बॉयलरच्या गॅरंटीबद्दल होता.

रविवारी सकाळी सातला पाच मिनिटं असताना लॅपटॉपने टिंग केलं. फोन कंपनीचा मेसेज होता: तुमच्यासाठी एक नवा व्हॉइसमेल आहे, ऐकण्यासाठी फोनवरून अमुक नंबर लावा. कोणाचा आहे ते लिहिलेलं नव्हतं.

वडील व्हॉइसमेल ठेवत नाहीत. दोन रिंगांपुढे ते जातच नाहीत. तिसरी रिंग हा त्यांच्या लेखी बेशिस्तपणा. मग हा निरोप कुणाचा? डॉक्टरांचा? हॉस्पिटलमधून कुणाचा? तो ऐकायला फोन हवा होता, आणि ईस्टरच्या रविवारी मोठी दुकानं बंद. शेवटी वडिलांचा नंबर लॅपटॉपवरून कौन्सिलच्या एका पाकिटावर उतरवून घेतला, कारण तो मला पाठ नव्हता. पाठ होता तो आमच्या जुन्या घरच्या फोनचा, जो बारा वर्षांपूर्वी बंद झाला.

पाकीट घेऊन बाहेर आलो आणि रस्त्यावर उभा राहिलो. या रस्त्यावर मी चौदा वर्षं राहतो. डावीकडच्या गृहस्थांशी 'छान हवा आहे' आणि 'इतकी छान नाही' ही दोन वाक्यं मी आलटून पालटून बोलत आलो आहे. त्यांचं नाव मला माहीत नाही, आणि चौदा वर्षांनी नाव विचारणं हा इथे उद्धटपणा होतो. सकाळी सात वाजता ज्याचं दार वाजवावं असं एकही घर मला सुचेना.

समोरच्या घरात एक मराठी मुलगी राहते. मुलगी म्हणायचं, आहे तिशीची. जन्म इथलाच, कामाला हॉस्पिटलात, फिजिओथेरपिस्ट. दोन वर्षांपूर्वी ती मला मंडळाच्या गणपतीचं आमंत्रण द्यायला आली होती. त्या मंडळात आरती पाच मिनिटांत आटोपते आणि शाली-नारळांचे सत्कार तासभर चालतात; गळ्यात पदाची साखळी घातलेले महापौरही तिथे टोपी सावरत उभे असतात. मी तिला म्हणालो होतो, "देवाला माझा नमस्कार सांग, आणि प्रमुख पाहुण्यांना माझी सहानुभूती." ती हसली नव्हती. तेव्हापासून गाडीतून नुसता हात करते.

मी बेल वाजवली. ती झोपेतून उठून आली.

"काका? काय झाला?"

"फोन हवा होता. एक मिनिट. इंडियाला."

"तुमचा कुठे आहे?"

"ब्रॅकनेलला."

"आत तर या. तुम्ही स्लिपर्समध्ये आहात."

खरंच होतो. पाकिटावरचा नंबर लावला. एक रिंग. दोन रिंगा. तिसरी सुरू झाली आणि कट.

"त्यांनी कट केला?" तिने विचारलं.

"केला. परदेशी अनोळखी नंबर उचलायचा नाही असं पेपरात आलं होतं, ते त्यांनी कापून भिंतीला लावलंय."

"मग ते ओके आहेत ना? कट करायला कोणीतरी पाहिजे."

कोणीतरी होतं. पण अंगठा कुणाचा होता, ते कळत नव्हतं. डॉक्टरांचाही असू शकत होता. मी पुन्हा नंबर लावला, दोन रिंगा मोजल्या, आणि स्वतःच कट केला.

"काका, त्यांना उचलायला टाइम तरी द्या!"

"थांब."

फोन तिच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो. बराच वेळ काही नाही. मग तो वाजला. तिने झडप घातली.

"उचलू नकोस!" मी ओरडलो. त्या घरात मी पहिल्यांदाच पाऊल टाकलं होतं, आणि ओरडलो.

दोन रिंगा झाल्या. फोन थांबला.

हे दुसरं कुणी करणं शक्य नव्हतं. मी खुर्चीवर बसलो. तिने किटली लावली. थोड्या वेळाने मी पुन्हा नंबर लावला, आणि या वेळी वडिलांनी उचलला.

"कोण बोलतंय?"

"मी, बाबा."

"हा नंबर कुणाचा?"

"समोर एक मुलगी राहते, तिचा. माझा फोन ऑफिसात राहिला. मेसेज केला होता तुम्हाला."

"इनबॉक्स भरलाय म्हणून हा फोन दोन वर्षं ओरडतोय. भरलाय तर त्याने रिकामा करावा." मग म्हणाले, "म्हणजे समोर कोणीतरी आहे."

"आहे."

"आपल्यातली?"

"हो."

"बरं. ठेव मग. दुसऱ्याच्या फोनवर पाल्हाळ नको."

"तुम्ही ठीक आहात ना?"

"मला काय धाड भरलीय?" आणि कट.

तिने चहा पुढे ठेवला, सोबत ईस्टरचा गोड पाव. "तुम्ही रोज असा करता? बोलत नाही?"

"रविवारी बोलतो."

"आज रविवार आहे."

"मग झालं की बोलून."

ती हसली. सहानुभूतीच्या विनोदाची दोन वर्षं थकलेली दाद असावी. मी निघालो तेव्हा माझा नंबर लिहून घेत म्हणाली, "काका, नेक्स्ट टाइम फ्रायडेलाच या. संडेपर्यंत काय वाट बघता?"

मंगळवारी दंतवैद्याला चुकवून ऑफिसात गेलो. फोन होता तिथेच होता. शुक्रवारी चार मिस्ड कॉल, शनिवारी सहा, रविवारी सकाळी सातच्या आत नऊ. व्हॉइसमेल लावला. आधी पंख्याची घरघर. मग खाकरणं. मग वडिलांचा आवाज, पण घरातला नव्हे. एक्स्चेंजमधला, लहानपणी रात्रपाळीला डबा द्यायला गेलो की ऐकू यायचा तो. उत्तरादाखल लागलेल्या ध्वनिमुद्रित बाईला ते ऑपरेटर समजले नव्हते, एवढी त्यांना जाण आहे. पण दुसरं कुणी नव्हतंच, तेव्हा तिलाच सांगत होते.

"मॅडम, पुणे बोलतोय. नंबर लागतोय, पार्टी नो रिप्लाय." मग थोडा वेळ पंखाच. "तीन दिवस झाले. तो एकटाच असतो तिथे. कुणाला तरी पाठवून दार वाजवून बघा."

एवढंच. त्यापुढे, हा निरोप ठेवायचा असेल तर एक दाबा, पुसायचा असेल तर दोन दाबा. मी एक दाबला. मग खुर्चीत बसून कुंडीतल्या झाडाकडे बघत राहिलो. पहाटे साडेपाचला उशीखालून फोन काढताना, रिंगा देऊन दिल्यावर पुन्हा झोपताना, मला कायम वाटत आलं होतं की पहारा मी देतोय.

बुधवारी साडेसहाला दोन रिंगा आल्या. मी दोन दिल्या. दहा मिनिटांनी लॅपटॉपवर टिंग झालं. समोरच्या मुलीचा मेसेज होता, मोठ्या स्वच्छ अक्षरांत: 'काका, तुमच्या बाबांचा मला पण आला. दोन रिंग. मी नाही उचलला. बरोबर केला?'

मी टाइप केलं: 'बरोबर. आता तू दोन दे.'